धरमपेठ म्हटलं की रेट वाढला!

संपादक साहेब,
उन्हाळा लागला की कूलर काढा, खसच्या ताट्या बदला, पंप साफ करा, हे काम श्रीमंतांची वस्ती समजल्या जाणाऱ्या आमच्या धरमपेठेत अन् साध्या नंदनवनात सारखंच ना हो? पण धरमपेठचा पत्ता सांगितला की कूलरवाल्याचा रेट फोनवरच दीडपट होतो अन् आल्यावर वरून म्हणतो, ‘तुम्हाला काय जड आहे काका’. आमचा फ्लॅट वडिलांच्या वेळचा, घर पेन्शनवर चालतं बाप्पा! आता पार्किंग मिळत नाही, गेटवर एन्ट्रीत वेळ जातो, त्याचे जास्त घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण मजुरी किती, सामान किती हे बिलावर लिहायला काय होतं, २०१९ च्या ग्राहक कायद्यात सेवेचं बिल न देणं अनुचित व्यापार प्रथेत येतं, आमच्या हातात मात्र कच्च्या कागदावरचा एकच आकडा.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर