अर्थिंग केलं होतं का?

महोदय,

वळवाचा पाऊस सुरू झाला की आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसते : 'विजेच्या धक्क्याने वायरमनचा मृत्यू'. त्यात 'दुर्दैवी' हा शब्द ठरलेला. मी एकतीस वर्षं खांबावर चढलोय. अशी बातमी वाचली की मनात पहिलं येतं, अर्थिंग, म्हणजे कामाआधी तार जमिनीला जोडणं, केलं होतं का? ते बातमीत कधीच नसतं.

१९९७ चा मे महिना. कराड तालुक्यातल्या एका गावाबाहेर वादळात ११ केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) तार तुटली होती. उपकेंद्रातून परमिट (लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी) घेतलं, लाइन तोडणारा एबी स्विच उघडून कुलूप घातलं. कागदोपत्री लाइन मेलेली. दिवस मावळायला आलेला, खांबाखाली जमलेली माणसं 'अजून किती वेळ?' म्हणून पिच्छा पुरवत होती. हेल्पर म्हणाला, "आता अर्थिंग कशाला? लाइन बंदच हाय की." खरं सांगतो, मलाही पटलं होतं. तरी हाताच्या सवयीने डिस्चार्ज रॉड, म्हणजे हूक आणि वायर लावलेली अर्थिंगची काठी, काढला. आधी वायरचं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला, मग हूक तारेला. हा क्रम उलटा झाला तर गेलाच माणूस. पहिल्या तारेला हूक अडकवला, काही नाही. दुसऱ्या तारेला टेकवला आणि फाडकन ठिणगी उडाली. त्याच क्षणी लांब मंगल कार्यालयातला लाउडस्पीकर गपकन थांबला.

त्या तुकड्यावर एकट्या कार्यालयाचीच डीपी (ट्रान्सफॉर्मर) होती. लग्नासाठी जनरेटर आणलेला, तोही चेंजओव्हर स्विच (जनरेटर चालू असताना बाहेरची लाइन तोडणारा) न बसवता थेट जोडलेला. चारशे व्होल्ट डीपीत उलटे शिरले आणि अकरा हजार होऊन आमच्या तारेत आले. आणि हेल्परला त्या लग्नाचं जेवणाचं आमंत्रण होतं! त्याला कुणी विचारलं नाही, तो बोलला नाही.

तेव्हापासून खांबाच्या बुडाशी पाच मिनिटं उकिडवं बसायचं आणि बोलायचं, हा नेम केला. करंट कुठकुठून येऊ शकतो, वरून दुसरी लाइन जाते का, खांब बुडात गंजलाय का, आज गावात लग्न कुणाकडे. सगळ्यात नव्या पोराने आधी बोलायचं, कारण मी बोलल्यावर तो नुसती मान डोलावतो. आता याचा छापील फॉर्म निघालाय. चांगलंच आहे. पण तो गाडीत बसून, कधी काम उरकल्यावर भरलेला मी पाहिलाय. सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा.

आपल्या वार्ताहरांनी अशा बातमीत दोन ओळी वाढवाव्यात : परमिट कोणत्या फीडरचं (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनचं) होतं, आणि तारेला अर्थिंग होतं का. आणि 'लाइट कधी येणार' म्हणून फोन करणाऱ्यांनी आपल्याकडे जनरेटर चालू असेल तर तेही त्याच फोनवर सांगावं.

– एक निवृत्त वायरमन, कराड (जि. सातारा)