‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नेमकं काय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

संगणकावरच्या कुठल्याही व्यवहारात गोंधळ झाला की बातमीत ‘तांत्रिक बिघाड’ हे दोन शब्द हमखास छापून येतात. मी गेली २२ वर्षं प्रोग्राम लिहिते. एवढ्या वर्षांत जे घोळ निस्तरले, त्यांतले खरोखर तांत्रिक म्हणावेत असे थोडेच. बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असे. धंद्याचा नियम माणसांच्या डोक्यात होता, तो प्रोग्राममध्ये उतरलाच नव्हता.

आमच्याच एका कामाचं सांगते. तिथे प्रत्येक ऑर्डरला ४ खुणा होत्या: पैसे भरले, माल पाठवला, रद्द झाली, परत आली. प्रत्येकीचं उत्तर हो किंवा नाही. म्हणजे एकूण १६ शक्यता. आमच्या व्यवहारात त्यांतल्या फक्त ६ शक्यतांना अर्थ होता. पैसे न भरताच पाठवलेली, न पाठवताच परत आलेली अशा बाकीच्या १० प्रोग्राम निमूटपणे साठवून घेत असे. एका पहाटे फोन आला. एकाच ऑर्डरवर ‘रद्द’ही आणि ‘पाठवली’ही! ग्राहकाला पैसे परत गेले होते आणि मालही पोचला होता. कोड वाचला तर प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर. रद्द करणाऱ्या भागाने एक खूण लावली होती, माल पाठवणाऱ्या भागाने दुसरी. टेस्ट, म्हणजे प्रोग्राम तपासणाऱ्या चाचण्या, नव्हत्या असंही नाही. पण जी अवस्था कुणाच्या मनातच आली नाही, तिची टेस्ट लिहिणार कोण?

पुढे तो भाग आम्ही एफ शार्प या फंक्शनल, म्हणजे फंक्शन नावाच्या छोट्या हिशेबी तुकड्यांतून प्रोग्राम रचणाऱ्या, भाषेत नव्याने लिहिला. खुणा काढून टाकल्या आणि ६ अवस्थांचा एक टाइप, म्हणजे माहितीचा ठरावीक साचा, केला. ऑर्डर त्यांपैकी कुठल्या तरी एकाच अवस्थेत असणार. पाठवल्याची तारीख ‘पाठवलेली’ आणि ‘परत आलेली’ यांच्यापाशीच राहते. ‘रद्द’मध्ये ती लिहायला जागाच नाही. पूर्वी त्या रकान्यात नल, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ अशी नोंद, असायची. (नलची कल्पना ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांची, १९६५ सालच्या अल्गॉल डब्ल्यू भाषेतली. २००९ मध्ये त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.) माल पाठवणारं फंक्शन आता ‘पैसे भरलेली’ ऑर्डरच घेतं. दुसरी द्यायला गेलात तर कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, तिथेच अडवतो.

ही जेमतेम वीसेक ओळींची व्याख्या मी हिशेब पाहणाऱ्या आमच्या बाईंना दाखवली. प्रोग्रामिंगचा त्यांना गंध नाही. एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी ती वाचली आणि विचारलं, “अर्धेच पैसे आलेली ऑर्डर यात कुठंय?” नव्हती. आमच्या ४० पानी नियमावलीतही नव्हती. सातवी अवस्था लिहिली, तशी कंपायलरने लगेच ११ जागा दाखवल्या, जिथे या नव्या अवस्थेचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. एफ शार्प अशा वेळी खरं तर नुसता इशारा देते. इशारा म्हणजे चूकच, असं आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं. तरुण सहकारी कुरकुरले, “कंपायलर फार कटकट करतो.” करू दे की. पहाटेच्या फोनपेक्षा ती परवडते.

टाइपने सगळं भागतं असं मी म्हणत नाही. सवलतीचा आकडाच चुकीचा ठरला असेल तर कंपायलर बिचारा काय करणार? बाहेरून येणारी माहिती दारातच तपासून मग टाइपमध्ये बसवावी लागते. दोघे एकाच वेळी तीच नोंद बदलू लागले, तर ते डेटाबेसनेच सांभाळायला हवं. पण यातली मूळ विद्या काही कालची नाही. संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर आणि सहकाऱ्यांनी एडिंबरोत टाइपवर भर देणारी एमएल ही भाषा घडवली ती १९७०च्या दशकात. जावासारख्या सर्रास वापरातल्या भाषेतही २०२१ पासून, म्हणजे १७व्या आवृत्तीपासून, सील्ड क्लास (ज्याचे उपप्रकार आधीच ठरवून बंद करता येतात असा साचा) वापरून अशा ठरावीक अवस्था बांधता येतात. ‘आमच्या भाषेत ती सोय नाही’ ही सबब आता फारशी टिकत नाही.

तेव्हा पुढची अशी बातमी करताना आपल्या बातमीदारांनी संबंधितांना एवढंच विचारावं: जी अवस्था तुमच्या नियमात बसतच नाही, ती तुमच्या प्रोग्रामने नोंदवून घेतलीच कशी?

आपली,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)