नळी धरणाऱ्याला थांबण्याचा अधिकार द्या
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री श्री. मुरलीधर मोहोळ यांना खुले पत्र

मा. मोहोळ साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी चिखलीला राहतो. माझी सगळी नोकरी गोव्याच्या दाबोळी विमानतळावर विमानांत इंधन भरण्यात झाली, आता निवृत्त आहे. पेडण्याकडची कितीतरी मुलं आज मोपाच्या नव्या विमानतळावर हेच काम करतात. हे पत्र त्यांच्यासाठी आहे आणि त्यांनी भरलेल्या इंधनावर उडणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. आपण पुण्याचे, म्हणून मराठीतच लिहितो.

विमानात बसलेल्या माणसाला खिडकीतून बाउझर, म्हणजे इंधनाचा टँकर, आणि नळी एवढंच दिसतं. त्याआधी ठिणगी पडू नये म्हणून बाँडिंगची वायर लावायची असते, बाटलीत नमुना काढून तो स्वच्छ आहे का, तळाशी पाणी दिसतं का हे बघायचं असतं, पाणी ओळखणारी कॅप्सूल लावून रंग बदलतो का ते तपासायचं असतं, डेन्सिटी, म्हणजे एका लिटरचं वजन किती किलो, ते घ्यायचं असतं. या डेन्सिटीवर फार काही अवलंबून असतं. बाउझरचा मीटर लिटर मोजतो, पायलट हिशेब धरतो किलोचा, आणि दोघांच्या मधे तेवढा एकच आकडा उभा असतो. दहा हजार लिटर भरताना ०.८० च्या जागी ०.७८ आलं, तर दोनशे किलोंचा फरक पडतो.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये हाच आकडा चुकला. कॅनडात तेव्हा मेट्रिक मापं नव्याने येत होती. विमानातले इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीत किती आहे ते हाताने मोजलं आणि कागदावर हिशेब मांडला. लिटरचे किलो करायला ०.८ ने गुणायला हवं होतं. गुणलं १.७७ ने, म्हणजे पौंडाच्या आकड्याने. हवं होतं २२,३०० किलो, टाकीत होतं त्याच्या निम्म्याहून कमी. वाटेत, ४१,००० फुटांवर असताना, इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. पायलटांनी ते विमान तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे ६९ जण वाचले. तो हिशेब एकट्याने केलेला नव्हता, जमिनीवरच्या आणि कॉकपिटमधल्या लोकांनी मिळून केला होता. त्या सगळ्यांच्या नजरेखालून चूक निसटली.

ट्युनिंटर या ट्युनिशियाच्या कंपनीच्या विमानाचं नशीब तसं नव्हतं. ६ ऑगस्ट २००५ रोजी इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जेरबाला निघालेलं ते एटीआर ७२ जातीचं विमान इटलीतल्याच पालेर्मोजवळ समुद्रात उतरवावं लागलं आणि ३९ पैकी १६ जण गेले. आदल्या दिवशी इंधनमापक बदलताना एटीआर ४२ या दुसऱ्या, लहान विमानाचा मापक बसवला गेला होता. तो टाकीत नसलेलं इंधन दाखवत राहिला. गोव्यात मुख्यालय असलेली फ्लाय९१ ही विमान कंपनी एटीआर ७२ वरच चालते. त्या कंपनीविषयी मला काही म्हणायचं नाही, पण हे विमान आता आपल्या अंगणातलं आहे आणि त्याचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक हवा.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातानंतर आमच्यासारख्यांच्या मनात पहिला विचार इंधनाचाच आला. ज्या बाउझर आणि टाक्यांतून इंधन भरलं होतं त्यांचे नमुने डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, प्रयोगशाळेत समाधानकारक आढळले, असं एएआयबी या अपघात तपासणाऱ्या संस्थेच्या प्राथमिक अहवालात महिनाभराने आलं. तो महिना इंधन भरणाऱ्या माणसांनी कसा काढला असेल, ते मी समजू शकतो.

साहेब, नियमांची कमतरता नाही. कमतरता आहे थांबण्याच्या मुभेची. दाबोळी म्हणजे नौदलाचा हवाई तळ, आयएनएस हंसा. आठवड्यातले बहुतेक दिवस सकाळचे काही तास सरावासाठी राखलेले असतात, मग नागरी विमानांची गर्दी दुपारनंतर होते. पावसाळ्यात एक विमान बेळगावला किंवा हैदराबादला वळवलं की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. अशा रात्री बाटलीतला नमुना जरा धूसर दिसला आणि पोरगा "थांबा" म्हणाला, तर वॉकीटॉकीवर चार जण त्याच्या अंगावर येतात. माझ्या एका सहकाऱ्याने असाच बाउझर थांबवला होता. नमुना पुन्हा काढला, तो स्वच्छ निघाला. विमान उशिरा सुटलं, आणि तो कंत्राटी असल्यामुळे पुढच्या महिन्यापासून त्याची पाळी लागणंच बंद झालं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पण त्या दिवशी बाकीच्या सगळ्यांना धडा मिळाला, आणि तो उलटा धडा होता.

अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे. पायलट, मेकॅनिक, जमिनीवरचे कर्मचारी घडलेली किंवा घडता घडता राहिलेली चूक कळवतात, आणि ती जाते नासाकडे. परवाना काढून घेणाऱ्या खात्याकडे जात नाही. नासा सांगणाऱ्याचं नाव काढून टाकते आणि त्यातून शिकण्यासारखं ते छापते. आपल्याकडे स्वेच्छेने कळवायची सोय आहे, पण ती डीजीसीएकडेच, म्हणजे कारवाई करणाऱ्याच्याच दारात. कंत्राटी मुलगा तिथे जाणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी, की ही व्यवस्था डीजीसीएच्या बाहेर न्या आणि तिथे मराठीत, कोकणीत, हिंदीत, फोनवर बोलूनही कळवता येऊ द्या. भाषेचा आग्रह मी उगाच धरत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या गॅटविकहून उडालेल्या एका एअरबस ए३२१ विमानाची दोन्ही इंजिनं त्रास देऊ लागली. इंधनात वाढणारे जंतू मारायला टाक्यांत घातलेलं जंतुनाशक शिफारशीच्या सुमारे ३८ पट पडलं होतं. प्रमाण नेमकं कसं काढायचं, हे पुस्तिकेत पुरेसं लिहिलेलं नव्हतं. सूचना स्पष्ट नसली की ही गत होते, तर आमच्या मुलांच्या हातातल्या सूचना त्यांना कळतील अशा भाषेत नकोत का?

दुसरं, शंका आली म्हणून काम थांबवणाऱ्याचा पगार किंवा पाळी कापली जाणार नाही, हे इंधन कंपनी आणि कंत्राटदार यांच्या करारातच लिहून घ्या. परिपत्रक काढून हे होणार नाही, परिपत्रक कंत्राटदार वाचत नाही. आणि इंधनाच्या स्लिपवर लिटर, डेन्सिटी, किलो तिन्ही आकडे भरणाऱ्याने आणि विमानाच्या माणसाने आपापले वेगळे काढून मग जुळवावेत. एकाने काढायचे आणि दुसऱ्याने नुसती सही करायची, याला तपासणी म्हणत नाहीत.

आपलं गोव्याला येणं होईल तेव्हा मोपाला किंवा दाबोळीला रात्रपाळीच्या मुलांना भेटा. सोबत अधिकारी नकोत. शंका आली म्हणून शेवटचं कधी थांबलास, आणि नंतर तुझं काय झालं, एवढंच त्यांना विचारा.

आपला,
एक निवृत्त इंधन कर्मचारी
चिखली, वास्को