दारावरचं कॅलेंडर

सांगली,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच "जाऊ दे रे" म्हणतोस आणि मग ते खरंच जातं. म्हणून कागद घेतला. वेळ काढून वाच, आणि एकटा असताना वाच.

लेक आता सहावीत आहे, तुला माहीतच आहे. तिला हॅरी पॉटरचं वेड लागलंय. पाचवा भाग ७६६ पानांचा आहे आणि इंग्रजी तिला अजून जड जातं. त्यामुळे रोज रात्री जेवणं झाली की मी दहा-बारा पानं वाचतो आणि वाचता वाचता तिला मराठीत सांगतो. हे पुस्तक २१ जून २००३ ला आलं. आपलं कॉलेजचं दुसरं वर्ष त्याच महिन्यात सुरू झालं होतं. तेव्हा त्याचा आपल्याला पत्ताही नव्हता, आणि असता तरी ते घ्यायला पैसे कुठे होते? पण बंड्या, मी ते आता वाचतोय आणि पानापानावर आपलं हॉस्टेल दिसतंय.

तू वाचलं नसशील म्हणून थोडक्यात सांगतो. हॉगवर्ट्स ही जादूची शाळा. त्या वर्षी तिथे सरकारने अम्ब्रिज नावाची बाई शिकवायला पाठवलेली असते. काळ्या जादूपासून स्वतःचा बचाव कसा करायचा, हा तिचा विषय. पहिल्याच तासाला ती सांगते, जादूच्या छड्या आत ठेवा. धडा वाचायचा आणि गप्प बसायचं. मंत्र प्रत्यक्ष म्हणून बघायची गरजच नाही, थिअरी नीट झाली असली की परीक्षेत आपोआप जमेल, असं तिचं म्हणणं. मी तिथे थांबलो. लेक म्हणाली, "बाबा, पुढे वाचा ना." तिला काय सांगू! मला आपली लॅब दिसत होती. वीस पोरांत एक ट्रेनर किट, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा, काचेच्या कपाटात कुलपाआड ठेवलेला सीआरओ, आणि फळ्यावर आधीच लिहिलेली रीडिंग्ज. "जर्नलमध्ये उतरवून घ्या, थिअरी पक्की असली की प्रॅक्टिकलला काही अडत नाही." शब्दसुद्धा जवळपास तेच.

मग त्या शाळेतली पोरं काय करतात, तर गावातल्या एका कळकट खानावळीत जमतात आणि ठरवतात की आपलं आपण शिकायचं. हर्मायनी नावाची हुशार पोरगी यामागे असते. ती एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेते. एकूण २८ जण. लगेच सरकारी फतवा निघतो, शैक्षणिक आदेश क्रमांक २४: तीन किंवा जास्त विद्यार्थ्यांनी परवानगीशिवाय गट करायचा नाही, केला तर शाळेतून नाव कमी. आपल्या रेक्टरांची पाटी आठवली का? रात्री दहानंतर एका खोलीत तीनपेक्षा जास्त मुलं दिसल्यास दंड. आपली संख्या त्यांच्यापेक्षा एकाने उदार होती, एवढाच फरक.

त्यांना जागा मिळते ती मात्र ऐकण्यासारखी आहे. सातव्या मजल्यावर एका भिंतीसमोरून, आपल्याला काय हवंय ते मनात धरून, तीनदा ये-जा करायची. मग तिथे दार उमटतं. आत गेलं की नेमकं हवं ते तयार: पुस्तकं, पडल्यावर लागू नये म्हणून उशा. आपल्याला असंच चोरून शिकायला टाकीखालची खोली मिळाली होती. पाण्याचे थेंब, कबुतरं, आणि उभं राहिलं की डोकं स्लॅबला लागायचं. पण मी लेकीला सांगितलं की आम्हालाही अशी एक खोली होती. आणि त्यांच्याकडे निरोपासाठी खोटी नाणी होती, कडेवरचे आकडे बदलले की पुढच्या भेटीची तारीख कळायची. आमच्याकडे गच्चीवरच्या तारेवर तुझा लाल पंचा. पंचा दिसला की रात्री अकराला वर.

तिला मी सगळं दाखवलं, म्हणजे हाताने करून दाखवलं. माझ्या कपाटात तो जुना पंचवीस वॅटचा सोल्डरिंग आयर्न अजून आहे, जप्त झाला तो नव्हे, नंतर घेतलेला. आधी टोक ओल्या स्पंजवर पुसायचं. थोडं शिसं लावून ते चकचकीत करून घ्यायचं. मग टोक जोडावर ठेवायचं, शिशाच्या तारेला नव्हे, आणि मनात तीन मोजायचे. जोड तापला की तार त्याला नुसती टेकवायची, शिसं आपणहून पाण्यासारखं पसरतं. चमकलं तर पक्कं. राखाडी, दाणेदार दिसलं तर ड्राय जॉइंट, परत करायचं. फुंकर मारायची नाही. हे मला कुणी सरांनी शिकवलं नाही, तू शिकवलंस. आणि तुला तुझ्या मामाच्या रेडिओच्या दुकानात कळलं होतं. राळेचा तो धूर नाकात गेला आणि माझे डोळे भरून आले. लेकीला वाटलं धुरानेच.

पुस्तकातही असंच आहे. हॅरी काही मोठा पंडित नाही, इतरांच्याच वयाचा पोरगा. पण त्याने ते प्रत्यक्ष केलेलं असतं, आणि चुकतं कुठे हे त्याला ताजं आठवत असतं. पहिल्या दिवशी तो अगदी साधा मंत्र घेतो, समोरच्याच्या हातातली छडी उडवायचा. एक जण नाक मुरडतो, एवढंच? पण तोच मंत्र अर्ध्या लोकांना धड येत नाही. आपणही पाचशे पंचावन्नच्या आयसीवर, म्हणजे त्या छोट्या चिपवर, एलईडी लुकलुकवायला बसलो तेव्हा कोण ते टगे हसले होते, आठवतं? दोन आणि सहा नंबरचे पाय जोडायचे, चार आणि आठ सप्लायला, एक ग्राउंडला, तीनवरून आउटपुट. कागदावर सगळ्यांना येत होतं. बोर्डावर पहिल्या आठवड्यात एकाचाही दिवा लागला नाही.

अपवाद एकाचा. आता मुद्द्यावर येतो.

पुस्तकात नेव्हिल म्हणून एक पोरगा आहे. धांदरट, विसराळू, सगळे त्याला हसतात. पहिल्याच रात्री तो हॅरीच्या हातातली छडी उडवतो. हॅरी तेव्हा दुसरीकडे बघत असतो म्हणून उडते खरी. पण हॅरी ते त्याला सांगत नाही, चांगलं झालं म्हणतो. नेव्हिल आनंदाने ओरडतो. मी ते वाचलं आणि मला कंदील दिसला. आपला कंदील. आयर्न धरताना त्याचा हात थरथरायचा, जर्नलवर शाई सांडायची, तोंडी परीक्षेत घाम फुटायचा. आणि त्या खोलीत पहिला दिवा लागला तो त्याचा. लाल, सेकंदाला एकदा. तो काही बोलला नाही, नुसता बोर्ड दोन्ही हातांवर धरून बसला, बॅटरी उतरेपर्यंत. तू त्याला म्हणालास, "कंदिला, पेटलास की रे!" तेव्हापासूनच ना ते नाव? की आधीपासून होतं? मला वाटतं आधीपासून होतं, तो घरी कंदिलावर अभ्यास करायचा म्हणून. पण त्या रात्रीपासून ते नाव त्याला आवडायला लागलं एवढं नक्की.

पुस्तकातल्या पोरांचा गट फुटतो. मॅरिएटा नावाची पोरगी अम्ब्रिजकडे जाऊन सांगते. तिची आई सरकारी खात्यात असते, शाळेवर नजर ठेवायच्या कामात अम्ब्रिजला मदत करत असते. पोरगी तोंड उघडते आणि तिच्या नाकागालांवर जांभळ्या पुटकुळ्या उठतात. त्यांचा शब्द बनतो: चुगलखोर. हर्मायनीने सह्यांच्या त्या कागदावर आधीच मंत्र घालून ठेवलेला असतो. सिनेमात हे सगळं बदललंय. तिथे मॅरिएटा नाहीच, चो नावाच्या पोरीकडून सत्य वदवणारं औषध पाजून काढून घेतात. मला ते पटलं नाही. औषधाने दोष पार धुऊनच टाकला. पुस्तकात तो तसाच चिकटून राहतो, आणि वाचणाऱ्यालाही चिकटतो.

लेक आधी हसली. मग जरा वेळाने म्हणाली, "बाबा, पण कागदावर मंत्र आहे हे तिला माहीत होतं का?"

नव्हतं. कुणालाच नव्हतं. चो सुद्धा पुढे हॅरीशी याच्यावरून भांडते, की हर्मायनीने आधी सांगायला हवं होतं. हॅरीला पटत नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. आधी सांगितलं असतं तर ती भीतीने का होईना गप्प राहिली असती, आणि गटही वाचला असता. न सांगितलेल्या शिक्षेने कुणाला अडवलं? ती फक्त नंतर भोगायला होती. आणि ती वर्ष संपल्यावरही उतरत नाही. पुढच्या भागात ती पोरगी शाळेच्या गाडीत दिसते, तोंडावर मेकअपचा जाड थर, आणि त्याखाली त्या पुटकुळ्या तशाच.

बंड्या, कंदिलाच्या दारावर 'चुगलखोर' मी लिहिलं होतं.

इतकी वर्षं तू विचारलं नाहीस, मीही बोललो नाही. त्या रात्री रेक्टर आणि वॉचमन वर आले, आयर्न जप्त झाला, आपल्या चौघांच्या घरी पत्रं गेली. तुझे वडील पहिल्या एसटीने आले आणि ऑफिसबाहेर दीड तास टोपी हातात धरून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझं डोकं फिरलं. वर्कशॉपमधून काळ्या ऑइलपेंटचा डबा उचलला. खडूने लिहिता आलं असतं. पण खडू पुसला जातो, म्हणूनच मी खडू घेतला नाही. हे मला स्वच्छ आठवतंय.

आणि आपल्याला माहीत होतं रे. त्याचे वडील त्याच कॉलेजात शिपाई होते, तेही रोजंदारीवर, कायम व्हायची वाट बघत. त्याला बोलावून काय विचारलं असेल हे न कळण्याइतके आपण लहान नव्हतो. अठरा वर्षांचे होतो. तरी उरलेलं दीड वर्ष मेसमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसलं नाही.

त्याने काय केलं आठवतं? दाराच्या बाहेरच्या बाजूला कालनिर्णय लावलं. कॅलेंडर कुणी दाराबाहेर लावतं का? येणारेजाणारे हसायचे. मी रोज तिथून जायचो आणि रोज मला कळायचं की त्याच्या खाली काय आहे. वर्ष बदललं, त्याने नवं आणून त्याच खिळ्याला लावलं. दर महिन्याला पान मात्र न चुकता उलटायचा. मी हे आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. परवा लेकीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुम्ही सॉरी म्हणालात का?"

एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती मला तिच्याचसाठी शोधताना सापडली. असे चोरून चालणारे वर्ग खरेच होते. पोलंडवर रशियाची सत्ता असताना वॉर्सा शहरात बायकांना विद्यापीठात जायची सोय नव्हती. तर लोकांच्या घराघरांत गुपचूप वर्ग चालायचे, पकडलं जाऊ नये म्हणून सारख्या जागा बदलत. त्याला फिरतं नव्हे, उडतं विद्यापीठ म्हणायचे. मेरी क्युरी तिथे शिकली. आणि प्रयोग स्वतःच्या हाताने करायला तिला पहिली प्रयोगशाळा मिळाली ती तिच्या आईकडच्या नात्यातल्या एका भावाच्या देखरेखीखाली, एका संग्रहालयात. नाव संग्रहालयाचं, आत शिकवणं. ती तिथे संध्याकाळी आणि रविवारी जायची, बहुतेक वेळा एकटीच. लेकीला हे फार आवडलं. मला त्यात एकच दिसलं: इतकी माणसं, इतकी घरं, आणि प्रत्येक घरात कुणाचा तरी बाप सरकारी नोकरीत असणारच. तरी ते वर्षानुवर्षं चाललं. त्यांनी एकमेकांना किती सांभाळून घेतलं असेल, याचा मी विचार करतोय.

आपण कंदिलाला सांभाळलं नाही. त्याला आधीच सांगायला हवं होतं की तुझ्या वडलांवर काही आलं तर बिनदिक्कत आमची नावं सांग. कुणाच्या डोक्यातच आलं नाही ते.

तर आता ऐक. मी त्याचा पत्ता काढलाय. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं, तालुक्याच्या गावी, स्टँडच्या मागे. वडील कायम झाले होते, रिटायर होऊन आता घरीच असतात. मी येत्या रविवारी जातोय. फोन करून जाणार नाही. फोनवर तो "अरे त्यात काय एवढं" म्हणेल आणि मी सुटेन. मला समोर बसून सांगायचंय की ते अक्षर माझं होतं.

तू येशील का? तू काहीच केलं नव्हतंस, तेव्हा ओढून नेणार नाही. पण त्याला आयर्न धरायला शिकवलंस ते तू, आणि तुझा आवाज ऐकला तर तो दार उघडेल असं मला वाटतं. चाकणहून सकाळची सहाची गाडी घेतलीस तर दुपारी जेवायच्या आत पोचशील. मी स्टँडवर असेन.

आणखी एक. त्याचा तो पहिला बोर्ड, लाल दिव्याचा झिरो पीसीबी, जप्तीच्या रात्री तू शर्टाच्या आत घालून खाली आणला होतास. तू काही टाकून देणारा नाहीस. शोध आणि घेऊन ये. नऊ व्होल्टची बॅटरी मी घेतो.

तुझाच,
दोस्त