लसीकरणाचे वेळापत्रक गाळप हंगामाशी जोडा : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सणासुदीच्या काळातील राज्यव्यापी लसीकरणाच्या समन्वयाबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात हडपसर भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि ऊसतोडणीच्या हंगामात दौंड, शिरूर, इंदापूर या तालुक्यांतील टोळ्यांच्या तळांवर भरणाऱ्या आरोग्य शिबिरांना जात असते. तेथे जे दिसते त्यावरून आपल्यापुढे एक मागणी ठेवते आहे. दसऱ्यापासून पुढच्या सहा महिन्यांचे लसीकरणाचे नियोजन कार्यालयीन सुट्ट्यांची यादी पुढे ठेवून न करता ऊस गाळप हंगामाच्या तारखा पुढे ठेवून करावे, आणि ते तडीस नेण्याची जबाबदारी राज्य पातळीवरील एका अधिकाऱ्यावर स्पष्टपणे सोपवावी.

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस आरोग्य केंद्रांसाठी सुट्टीचे असतात आणि नेमके त्याच दिवसांत महाराष्ट्रातील लहान बाळे सर्वाधिक संख्येने आपले राहते ठिकाण सोडतात. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, बाळाला जन्माच्या वेळच्या लसी तिकडे मिळतात, कार्ड तिकडच्या केंद्राचे असते आणि दिवाळी आटोपून ती सासरी परतते तेव्हा पुढच्या डोसचा वार कोणत्याच केंद्राच्या यादीत नसतो. हिंजवडी, वाघोली, मोशी भागांतील बांधकामांवर राबणारी उत्तरेकडची कुटुंबे छठपूजेसाठी गावी जातात आणि परतताना कधी वेगळ्याच साइटवर उतरतात. या दोन्ही प्रकारच्या बाळांचे डोस लांबतात, पण बहुतेकांचे कधी ना कधी पूर्ण होतात, कारण ही कुटुंबे शेवटी कोठेतरी स्थिरावतात. तिसरे स्थलांतर तसे नाही, आणि माझे पत्र मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी आणि आसपासच्या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आणि सीमा ओलांडून कर्नाटकातही उतरतात. शाळेत जाणारी मुले काही वेळा आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, परंतु अंगावर पिणारे बाळ आईबरोबर येतेच. हंगाम चार ते पाच महिने चालतो. आता लसीकरणाचे वेळापत्रक यावर ठेवून पाहावे. दिवाळीत सहा आठवड्यांचे असलेले बाळ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस), पोलिओ आणि रोटाव्हायरसचे, तसेच सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे न्यूमोकोकलचे डोस फडावरच, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावरच, चुकवते आणि गावी परतते तेव्हा सहा-सात महिन्यांचे झालेले असते. दिवाळीत पाच महिन्यांचे असलेले बाळ नऊ महिने पूर्ण करते ते कोपीत (तळावरच्या झोपडीत), म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि त्यासोबतचे अ जीवनसत्त्व दोन्ही हुकते. जे मूल या वर्षी असे चुकते तेच पुढच्या वर्षी पुन्हा आईबरोबर फडावर येते, आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यानचे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस व बूस्टर हेही त्याच हंगामात सापडतात. शिबिरांत आम्हाला अशी कार्डे दिसतात ज्यांवर बीसीजी (क्षयरोगावरची लस) आणि जन्माच्या वेळचे डोस नोंदलेले आहेत आणि त्याखालचे सगळे रकाने कोरे आहेत. ज्या हडपसर-मांजरी परिसरात जगात सर्वाधिक लसी तयार करणारा कारखाना आहे, तेथून सोलापूर रस्त्याने तासा-दीड तासाच्या अंतरावर पेंटाव्हॅलंटचा एकही डोस न मिळालेले बाळ भेटावे, याची खंत मी शब्दांत नीट सांगू शकत नाही.

दिवाळीआधी मोठी मोहीम घेतली की प्रश्न मिटेल, असे कोणी सुचवू शकेल. मोहीम अवश्य घ्यावी, पण तेवढ्याने भागणार नाही, कारण लस वेळेआधी देता येत नाही. पेंटाव्हॅलंटच्या दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात आणि गोवर-रुबेलाचा नियमित पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय दिला जात नाही. त्यामुळे निघण्याच्या गावी जे देय आहे ते पूर्ण करणे, आणि पोहोचण्याच्या ठिकाणी पुढचे डोस त्या त्या तारखेला देणे, अशी दोन टोके बांधावीच लागतात. बीडच्या आरोग्य यंत्रणेला बाळ गेले एवढे कळते आणि पुण्याच्या यंत्रणेला बाळ आले हे कळत नाही, ही आजची अडचण आहे. यू-विन या लसीकरण नोंदीच्या राष्ट्रीय पोर्टलमुळे बाळाची नोंद देशात कोठूनही पाहता येते आणि लसही कोठेही देता येते, ही मोठी सोय आहे. परंतु पोर्टल नोंद दाखवते, बाळ कोणत्या फडावर आहे हे दाखवत नाही.

ती माहिती आरोग्य विभागाकडे नसली तरी राज्यात दुसरीकडे असते. कारखान्याचा करार टोळी आणणाऱ्या मुकादमाशी होतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिली जाते, टोळीत किती कोयते (तोडणी करणाऱ्या जोड्या) आहेत आणि ते कोणत्या गावचे आहेत हे कारखान्याच्या शेती विभागाला ठाऊक असते. गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे दरवर्षी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्री समिती ठरवते आणि गाळप परवाना साखर आयुक्त देतात. माझी विनंती अशी की परवान्याच्या प्रक्रियेतच कारखान्याकडून टोळीनिहाय यादी घ्यावी, तीत मूळ गाव, मुक्कामाचे ठिकाण, पाच वर्षांखालील मुलांची आणि गरोदर महिलांची संख्या असावी, आणि ती मुक्कामाच्या क्षेत्रातील प्राथमिक आरोग्य केंद्राकडे टोळी उतरण्याआधी पोहोचावी. ज्या बैठकीत गाळपाची तारीख ठरेल त्याच बैठकीत लसीकरणाच्या फेऱ्यांच्या तारखाही ठरल्या, तर दोन्ही टोकांच्या जिल्ह्यांना तयारीला पुरेसा अवधी मिळेल.

हा समन्वय किती विभागांत विभागलेला आहे, याची मला कल्पना आहे. ग्रामीण आरोग्य जिल्हा परिषदेकडे, शहरातील आरोग्य महानगरपालिकांकडे, अंगणवाड्या महिला व बालविकास विभागाकडे, ऊसतोड कामगारांचे कल्याण सामाजिक न्याय विभागाकडे आणि कारखाने सहकार विभागाकडे आहेत. तरीही या बाबतीत पुण्याची एक जमेची बाजू आहे. राज्याचा लससाठा जेथून जिल्ह्यांना जातो ते राज्य कुटुंब कल्याण कार्यालय पुण्यात आहे, साखर आयुक्तालय शिवाजीनगरला साखर संकुलात आहे, आणि समाज कल्याण व शिक्षण या दोन्ही खात्यांची आयुक्तालयेही याच शहरात आहेत. हंगामापूर्वी या कार्यालयांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसवणे अवघड नाही. त्यांना एकत्र बोलावण्याचा आणि निर्णय घेण्याचा अधिकार मात्र आजवर कोणा एकाला दिलेला नाही, आणि तो आपल्या पातळीवरूनच दिला जाऊ शकतो.

राज्याला हे जमणार नाही असे मला मुळीच वाटत नाही. आषाढी वारीत पुणे, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतून लाखो लोक चालत जातात आणि आपला विभाग त्यांच्या मुक्कामांप्रमाणे रुग्णवाहिका, औषधे आणि कर्मचारी आधीच ठरवून ठेवतो. २०२३ मध्ये तर ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या नावाने तो उपक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. सणाच्या दिवसांत लसीकरण झाल्याचेही उदाहरण जवळचे आहे. कोविडच्या काळात ‘मिशन कवच कुंडल’ ८ ते १४ ऑक्टोबर २०२१ या दिवसांत, म्हणजे ऐन नवरात्रात राबवले गेले. पोलिओच्या लढाईत बिहार आणि उत्तर प्रदेशात छठच्या गर्दीत रेल्वे स्थानकांवर व बस थांब्यांवर लसीकरण पथके उभी राहिली, वीटभट्ट्यांच्या आणि भटक्या वस्त्यांच्या स्वतंत्र याद्या झाल्या, आणि १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही. स्वारगेट व वाकडेवाडी या एसटी स्थानकांवर आणि पुणे रेल्वे स्थानकावर दिवाळीच्या आधी आणि नंतर प्रत्येकी आठवडाभर एक कक्ष ठेवून कार्ड तपासणे आणि राहिलेला डोस देणे शक्य आहे. दिवाळीसाठी जादा एसटी गाड्यांचे वेळापत्रक दरवर्षी निघतेच, त्याच्याच जोडीने हे कक्ष जाहीर करता येतील.

आता तळावरील व्यवहाराबद्दल. टोळी पहाटे अंधारात फडावर जाते आणि सकाळी दहाला परिचारिका पोहोचते तेव्हा कोप्यांत एखादी म्हातारी किंवा सात-आठ वर्षांची बहीण बाळाला सांभाळत असते. त्या मुलीच्या संमतीवर कोणी लस देणार नाही आणि देऊही नये. म्हणून तळावरची सत्रे दुपारनंतर, टोळी परतण्याच्या वेळी ठेवावीत. बैलगाडीवाल्या टोळ्या बहुधा कारखान्याजवळच्या तळावर राहतात, त्यांच्यासाठी ठरलेला वार चालेल. ट्रक-ट्रॅक्टरवाल्या टोळ्या फडाप्रमाणे गावोगाव हलतात, त्यांचा पत्ता आठवड्याला बदलतो, आणि तो कारखान्याच्या चिटबॉयला (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला) रोज माहीत असतो. त्याचा फोन नंबर संबंधित आशाताईंकडे असणे ही इतकी साधी गोष्ट आहे की ती आदेशात लिहिण्यात कोणाला कमीपणा वाटू नये.

गोवर-रुबेलाची व्हायल (लसीची कुपी) एकदा द्रावण मिसळले की चार तासांत वापरावी लागते आणि उरलेली टाकून द्यावी लागते. तळावर एकच बाळ पात्र असले की व्हायल फोडावी की पुढच्या वेळी पाहू म्हणावे, या पेचात परिचारिका पडतात, कारण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. स्थलांतरित बाळाच्या बाबतीत ती पुढची वेळ सहसा येत नाही. एका बाळासाठीही व्हायल उघडावी आणि त्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, असे आपल्या विभागाने लेखी कळवावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

सुट्ट्यांमधील शीतसाखळीकडेही लक्ष वेधते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात आणि तापमानाची नोंद दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही, होणे अपेक्षित आहे. लागोपाठ चार-पाच सुट्ट्या आल्या की ही नोंद करणारी आणि वीज गेल्यास धावून येणारी व्यक्ती कोण, हे प्रत्येक केंद्रावर नावानिशी ठरलेले असावे. सुट्टीनंतरच्या पहिल्या सत्रासाठी आइसपॅक आधीच गोठवायला टाकावे लागतात, हेही तिनेच पाहावे. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री जन्मलेल्या बाळालाही हिपॅटायटिस बी ची लस २४ तासांच्या आत मिळायला हवी, तेव्हा प्रसूतिगृहातील लसीच्या फ्रीजची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या घरी असता कामा नये.

या सगळ्यासाठी रजा रद्द करण्याचे परिपत्रक काढू नये. परिचारिका, आशा आणि अंगणवाडी सेविका यांनाही भाऊबीज असते, आणि वर्षभर दारोदार फिरणाऱ्या स्त्रीला त्या दिवशी माहेरी जाऊ न देणारी मोहीम मनापासून राबवली जात नाही. पाळ्या महिनाभर आधी ठराव्यात, सुट्टीच्या दिवशी काम केलेल्यांना बदली रजा आणि प्रवासखर्च मिळावा, आणि आशांचा कामावर आधारित मोबदला दिवाळीपूर्वी त्यांच्या खात्यात जमा व्हावा. अंगणवाडी सेविकांना शासन भाऊबीज भेट देते, तिचे मोल त्यांच्या लेखी रकमेपेक्षा मोठे आहे. तळावर जाऊन लसीकरण पूर्ण करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यालाही शासनाने आपली आठवण ठेवल्याचे दिसावे.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी भागात आणि पुढे मालेगाव, भिवंडीत गोवर पसरला, बालके दगावली, आणि त्यानंतर राज्याला कृती दल नेमून अतिरिक्त डोस द्यावे लागले. गोवर रोखायला दोन्ही डोसांचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर टिकवावे लागते. जिल्ह्याची सरासरी चांगली दिसत असतानाही एका तळावरची सगळी बाळे लसीविना असू शकतात, कारण ती त्या जिल्ह्याच्या यादीतच नसतात. म्हणून जिल्ह्यांच्या आढाव्यात स्थलांतरित बाळांचा रकाना वेगळा ठेवावा आणि त्याची जबाबदारी ज्या जिल्ह्यात बाळ मुक्कामाला आहे त्या जिल्ह्यावर असावी.

गाळप हंगाम ठरवणाऱ्या मंत्री समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय आपण मांडावा, समन्वय अधिकाऱ्याचे नाव आणि लसीकरण फेऱ्यांच्या तारखा दसऱ्यापूर्वी जाहीर कराव्यात, आणि पहिल्या वर्षी निदान बीड व पुणे या दोन जिल्ह्यांत ही व्यवस्था सुरू करावी. शिबिरांतील आमच्या नोंदी, बाळांची नावे वगळून, आपल्या विभागाला द्यायला मी आणि माझे सहकारी तयार आहोत. आपल्या कार्यालयाने वेळ कळवल्यास त्या घेऊन येऊ.

आपली नम्र,
पुण्यातील एक बालरोगतज्ज्ञ