गृहमंत्र्यांना खुले पत्र: पोलीस ठाण्यातले चित्रण अठरा महिने टिकायला हवे

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितले. त्याआधी, १९९६ साली, याच न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने अटकेचा मेमो, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळे घालून दिलेच होते. पण ते कागद पोलीसच लिहितात, आणि कोठडीत काही घडले तर बघणारेही बहुधा पोलीसच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क तिथे कागदावर राहू नये, म्हणून कॅमेरा.

कॅमेरे किती, हे सगळे विचारतात. साठवण किती, म्हणजे चित्रण किती दिवस जपून राहते, हे विचारायला हवे. आदेशात १८ महिने म्हटले आहे; तेवढी सोय बाजारात मिळतच नसेल तर निदान वर्षभर. आता हिशेब करा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट माहिती लिहितो असे धरले, तर दिवसाला साधारण २१.६ जीबी भरतात. ठाण्यात सोळा कॅमेरे धरले तर रोजचे सुमारे ३४५ जीबी. रेकॉर्डरमध्ये ४ टीबीची (एक टीबी म्हणजे हजार जीबी) एकच डिस्क असेल तर ती बाराव्या दिवशी भरते आणि यंत्र मुकाट्याने जुने पुसून नवे लिहू लागते. पोलीस कोठडी १५ दिवसांपर्यंत मिळू शकते. म्हणजे माणूस कोठडीतून सुटायच्या आत त्याच्या पहिल्या रात्रीचे चित्रण गेलेले असेल. मग वकील, अर्ज, सुनावणी. तोवर मागायला काही उरत नाही. अठरा महिन्यांना या हिशेबाने १९० टीबीच्या आसपास जागा लागते. चित्रण कमी जागेत बसवणाऱ्या नव्या पद्धतीच्या कॉम्प्रेशनने ती बरीच कमी होईल, पण निविदेत आकडा टीबीत आणि दिवसांत लिहिलेलाच हवा.

आवाजही हवा, अंधारात दिसायलाही हवे. दोन्ही आदेशात आहे. निरीक्षकांची खोली, लॉकअपबाहेरची जागा, ठाण्याची मागची बाजू हीसुद्धा यादीत आहेत. मागच्या दाराने आणलेला माणूस दर्शनी कॅमेऱ्यात कधीच येत नाही. रेकॉर्डरचे घड्याळ वीस मिनिटे पुढे असेल तर स्टेशन डायरीशी, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीशी, वेळ जुळत नाही आणि पुरावा लटका पडतो.

आदेशातले सर्वांत दुर्लक्षित कलम वेगळेच आहे. कॅमेरे बंद असतील तर त्या काळात ठाण्यात झालेल्या अटका आणि चौकश्यांची माहिती प्रभारी अधिकाऱ्याने या कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा देखरेख समितीला द्यायची आहे. ‘नादुरुस्त होते’ एवढे उत्तर न्यायालयाने पुरेसे मानलेले नाही.

आमची मागणी: प्रत्येक ठाण्याची साठवण किती दिवसांची, कॅमेरे कधीपासून कधीपर्यंत बंद होते आणि त्या काळात किती जणांना अटक झाली, हे तीन आकडे दर महिन्याला जिल्हावार जाहीर करावेत. सुरुवात लॉकअप असलेल्या ठाण्यांपासून करावी.

आपले,
फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील