काकांचा एनएडी आणि तुझा नवीन रिसिव्हर

पुणे

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला आणि फोनवर टाइप करायला लागलो, पण हे तीन ओळीत बसणारं नाही म्हणून सरळ पत्रच लिहितोय. सगळ्यात आधी एक सांगतो मग बाकीचं. तू जे विचारलंस ना, की दोन्ही अॅम्पच्या, म्हणजे काकांच्या जुन्या एनएडी स्टीरिओ अॅम्पच्या आणि सिनेमासाठी घ्यायच्या होम थिएटर रिसिव्हरच्या, वायरी त्याच दोन स्पीकरना जोडून ठेवू का, एका वेळी एकच चालू करीन, तर ते अजिबात करू नकोस. अजिबात म्हणजे अजिबात.

मी केलंय हे. एक सेकंडहँड रिसिव्हर घेतला होता, दुकानदार म्हणाला काही होत नाही हो, फक्त एकच चालू ठेवा, आणि मी विश्वास ठेवला. पंधराएक दिवस गेले बरे. मग एका संध्याकाळी रेकॉर्ड चालू होती आणि आईने सिरियलसाठी टीव्ही लावला, टीव्हीबरोबर रिसिव्हर आपोआप चालू झाला, आतून खट् असा आवाज आला आणि जळक्या बेकेलाइटचा वास सुटला. आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले. आईला तर वाटलं तिच्याच हातून काहीतरी मोडलं, दोन दिवस ती टीव्हीला हात लावत नव्हती, मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. याचं कारण साधं आहे, अॅम्पच्या आउटपुटला स्वतःचा विरोध जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे एका अॅम्पचा करंट स्पीकरमध्ये जायच्या ऐवजी दुसऱ्या अॅम्पच्या पोटात शिरतो. दुसरा बंद असला तरी धोका आहेच. आणि तुझ्याकडचा एनएडी ३०२० काकांचा आहे, तो जळला तर पैसे टाकून दुसरा मिळेल पण काकांचा नाही मिळणार.

आता जमतं कसं ते सांगतो. स्पीकरच्या वायरी फक्त एनएडीला, कायमच्या. रिसिव्हरकडून एनएडीला जाणार ते लो लेव्हलचं, म्हणजे स्पीकर चालवायची ताकद नसलेलं सिग्नल, साध्या लाल-पांढऱ्या आरसीए केबलने. रिसिव्हरच्या मागे फ्रंट एल आणि आर असे प्री-आउट, म्हणजे हे सिग्नल बाहेर देणारे सॉकेट लागतात, तिथून केबल निघते आणि एनएडीच्या ऑक्स या साध्या इनपुटमध्ये जाते. सेंटर आणि मागचे सराउंड रिसिव्हरच्याच ताकदीवर चालतात, सबवूफरही रिसिव्हरलाच. टर्नटेबल मात्र थेट एनएडीच्या फोनोला, म्हणजे रेकॉर्डसाठीच्या खास इनपुटला, म्हणजे गाणं ऐकताना रिसिव्हर बंदच, काका ऐकायचे तसंच डिट्टो. म्हणून घ्यायच्या आधी मॉडेलच्या मागच्या बाजूचा फोटो बघ, स्वस्तातल्या बऱ्याच रिसिव्हरना फक्त सबवूफरचा प्री-आउट असतो आणि मग हे सगळं राहून जातं. डेनॉनच्या एक्स ३७०० एच ला सगळे प्री-आउट आहेत, माझ्याकडे तोच आहे.

तू एनएडी मागून बघितलास तर दोन छोट्या यू आकाराच्या पत्र्याच्या लिंक दिसतील, प्री आउट आणि नॉर्मल इन यांना जोडणाऱ्या. १९७८ च्या या अॅम्पमध्ये प्री (आवाज आणि टोन ठरवणारा) आणि पॉवर (स्पीकर चालवणारा) असे दोन भाग तिथे वेगळे करता येतात. लिंक काढून रिसिव्हरची केबल सरळ पॉवरच्या भागात घालता येते, नवीन महागड्या अॅम्पमध्ये ज्याला एचटी (होम थिएटर) बायपास म्हणतात त्याच्या जवळचंच काम. पण मग एनएडीचा फोनो आणि नॉब दोन्ही बाजूला पडतात, रेकॉर्ड ऐकायची तर मध्ये स्विच बॉक्स आला. आणि तिथे चुकून मोबाइल वगैरे लावलास तर आवाज कमी करायला नॉबच नाही, पूर्ण जोरात स्पीकरवर आदळतं. म्हणून तुझ्यासाठी ऑक्सच बरं, लिंक आहेत तिथे राहू दे.

ऑक्सची एक अट आहे पण. सिनेमाच्या वेळी एनएडीचा नॉब रोज त्याच जागी पाहिजे, बास-ट्रेबल मधोमध, लाउडनेस बंद. मी बायकोची नेलपॉलिश घेऊन नॉबच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिलाय, अंधारात मोबाइलच्या उजेडातही दिसतो. आधी नॉब घड्याळातल्या १२ च्या जागी ठेवून ऑडिसीचा, म्हणजे खोलीप्रमाणे स्पीकरचा आवाज जुळवणाऱ्या रिसिव्हरमधल्या सोयीचा, माइक लावून कॅलिब्रेशन केलं तर फ्रंटची लेव्हल थेट उणे १२ डीबीला जाऊन टेकली, त्याच्या खाली रिसिव्हर जातच नाही, म्हणजे एनएडी गरजेपेक्षा जोरात होता. नॉब १० च्या जागी आणला, परत सगळं मोजलं, मग बसलं. तुझ्या खोलीत कुठे बसेल ते मोजूनच कळेल. एकदा बसलं की आवाज रिसिव्हरच्या रिमोटनेच कमी-जास्त करायचा. घरात कोणी एनएडीचा नॉब वाढवला तर लगेच कळतं, डावी-उजवीकडचा गोंगाट वाढतो आणि मधले डायलॉग बुडतात, मग ठिपक्यावर आणायचं.

एनएडीच्या २० वॅटमध्ये सिनेमा कसा होणार असं तू विचारणारच. होतो रे, बिनधास्त. रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये फ्रंट स्पीकर स्मॉल कर आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेव, खालचा जड बास सगळा सबवूफरकडे जातो, एनएडीवरचं ओझं उतरतं. रेकॉर्डलाही सब हवा असेल तर हाय लेव्हल इनपुट असलेला घे, तो एनएडीच्या स्पीकर टर्मिनलवरून वायर घेतो आणि सिनेमाचा एलएफई, म्हणजे जड बासचा वेगळा ट्रॅक, दुसऱ्या सॉकेटमधून येतो.

चालू करताना आधी रिसिव्हर मग एनएडी, बंद करताना आधी एनएडी, नाहीतर स्पीकरमधून धप्प येतं.

आणि सगळं जोडल्यावर घूंऽऽ असा आवाज यायला लागला तर घाबरू नकोस. माझ्याकडे आला होता, केबल बदलल्या, प्लग बदलले, एक अख्खा रविवार गेला, शेवटी सेट टॉप बॉक्सची डिशवरून येणारी वायर उपसली आणि एकदम शांत. अर्थिंग लूप होता, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेला होता. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर एनएडीच्या स्क्रूला घट्ट आहे ना तेही बघ. कोणी म्हणालं प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, तर ऐकायचं नाही, त्यात माणूस जातो.

खरं सांगू, तू मेसेजमध्ये लिहिलंस की जागा नाही म्हणून एनएडी माळ्यावर टाकू का, तेव्हा मला काका डोळ्यासमोर आले, बनियनवर बसून भीमसेनजींची एलपी बाहीने नाही, त्या मखमली ब्रशने हळूच पुसणारे, आणि आपण दोघं दारात उभे, हात लावायची परवानगी नाही म्हणून. तो अॅम्प माळ्यावर जायचा नाही. टीव्ही युनिटचं एक फळकुट खाली घे, वर चार बोटं हवा खेळायला जागा ठेव, तो तापतो.

आता एक कर, एनएडीच्या मागचा आणि जो रिसिव्हर बघतोयस त्याच्या मागचा असे दोन फोटो काढून पाठव, सॉकेटवरची अक्षरं वाचता येतील असे. केबल मी तपकीर गल्लीतून घेऊन येतो, येत्या शनिवारी रात्री तुझ्याकडेच मुक्काम. तोपर्यंत स्पीकरच्या वायरींना हात लावू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
कोथरूडकर